दिवसाची घडी : प्रस्तावना

अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात अधिकारी होता. ती नोकरी त्याने १८६७ पर्यंत केली आणि आयुष्यात एकूण ४७ कादंबऱ्या लिहिल्या. हे कसं साधलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यानेच सांगितलं आहे. रोज पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं. पहिला अर्धा तास आधीचं लेखन वाचायचं. मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. नाश्त्याच्या आधी लेखन आटोपलेलं असायचं आणि उरलेला दिवस टपाल खात्याचा. दिवस कसा आखावा यावर जे जे लिहिलं जातं, त्यात ट्रोलपची ही पहाट हमखास भेटते. मात्र त्याच ठिकाणची दुसरी नोंद फारशी कुणी सांगत नाही. ट्रोलपला उठवण्याचं काम घोड्यांची निगा राखणाऱ्या एका म्हाताऱ्या नोकराकडे होतं आणि त्यासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. तो रोज कॉफी घेऊन येई. एकदाही त्याला उशीर झाला नाही. आपल्या यशाचं सगळ्यात मोठं देणं कदाचित या माणसाचंच लागतो, असं ट्रोलपने मोकळेपणाने मान्य केलं आहे.

साडेपाचला हातात कॉफी हवी, तर चूल त्याच्या आधी पेटायला हवी. हे पुस्तक त्या चूल पेटवणाऱ्या माणसाच्या दिवसाबद्दल आहे.

दिवसाच्या आखणीवरचं बहुतेक लेखन ट्रोलपच्या बाजूने झालं. दार लावून घेता येतं, जेवण वेळेवर समोर येतं, मूल रडलं तर दुसरं कुणी उठतं, हे सगळं त्यात गृहीत धरलेलं असतं. चार्ल्स डार्विन डाउन या गावी सुमारे चाळीस वर्षं ठरलेल्या वेळांनी जगला: सकाळचं काम, पत्रं, बागेतल्या वाळूच्या वाटेवरचे फेरे, दुपारची विश्रांती. त्या वेळा पाळल्या जात, कारण त्याची पत्नी एमा आणि घरातली नोकरमंडळी त्या सांभाळत होती. ट्रोलप किंवा डार्विन यांच्या कामाचं मोल यामुळे कमी होत नाही. पण ज्याच्या दारावर दिवसभर टकटक चालू असते त्याला त्यांचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलून देणं हा अन्याय आहे. असं वेळापत्रक आठवड्याभरात मोडतं आणि मोडलं की माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो.

या अडचणीची सर्वांत प्रामाणिक कबुली बेंजामिन फ्रँकलिनने दिली आहे. त्याच्या आत्मचरित्रात दिवसाचा एक तक्ता आहे. पहाटे पाचला उठणं आणि आज कोणतं चांगलं काम करायचं हे ठरवणं, आठ ते अकरा काम, बारानंतर वाचन, हिशेब, जेवण, पुन्हा पाचपर्यंत काम, संध्याकाळी वस्तू जागच्या जागी, जेवण, संगीत, गप्पा आणि दिवसाचा आढावा, दहाला झोप. हा तक्ता जगभर छापला गेला आणि लाखो भिंतींवर त्याची रूपं लागली. तो ज्या पानांत येतो तिथेच फ्रँकलिनने सांगून ठेवलंय, की अंगी बाणवायला घेतलेल्या तेरा गुणांपैकी ‘व्यवस्था’ या गुणाने त्याला सगळ्यात जास्त छळलं. कारणही त्याने दिलं आहे. छापखान्यातला कामगार आपला वेळ आपल्या हाताने आखू शकेल. मालकाला लोकांत मिसळावं लागतं आणि गिऱ्हाईक त्याच्या सोयीच्या वेळी येतं. म्हणजे ज्याच्या नावावर हा तक्ता चालतो त्यालाच तो पाळता आला नव्हता, आणि का पाळता आला नाही हे त्याला नेमकं कळलं होतं. त्याचा दिवस इतरांच्या हाकांनी बनलेला होता.

आपल्याकडच्या कितीतरी बायकांचा, आणि हल्ली घरून काम करणाऱ्या, घरातल्या म्हाताऱ्यांचं करणाऱ्या बऱ्याच पुरुषांचाही, दिवस असाच असतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो. ते काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. मला या मिनिटांच्या बेरजेपेक्षा त्यांची मांडणी जास्त महत्त्वाची वाटते. ही २८९ मिनिटं सलग नसतात. दूध तापवायला ठेवलं, तेवढ्यात बेल वाजली, सासूबाईंची गोळी राहिली, मुलाचा मोजा सापडेना, कुकरची तिसरी शिटी झाली. या सगळ्याच्या फटींतून दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे पडलेली असतात. पाच तास सलग घरकाम करून मग मोकळं होणं आणि पाच तासांचं घरकाम सोळा तासांवर पसरलेलं असणं, यांत फार मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या दिवसात ‘मोकळा वेळ’ कागदावर भरपूर दिसतो, पण हाताला लागत नाही.

घरकाम शास्त्रशुद्ध करू पाहणारे लोक पूर्वीही झाले. फ्रेडरिक टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक १९११ मध्ये अमेरिकेत आलं. कारखान्यातल्या कामगाराच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं, प्रत्येक हालचाल मोजायची आणि अनावश्यक ती काढून टाकायची, ही त्याची रीत. फ्रँक गिलब्रेथने गवंड्यांचं काम पाहिलं आणि एक वीट रचण्यात होणाऱ्या अठरा हालचाली पाचाच्या आसपास आणल्या. त्याची पत्नी लिलियन ही त्याची बरोबरीची सहकारी होती, मानसशास्त्रातली डॉक्टरेट मिळवलेली. त्यांना बारा मुलं झाली. १९२४ मध्ये फ्रँक अचानक गेला. कारखानदार एका बाईला काम द्यायला तयार नव्हते, तेव्हा लिलियनने स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. ओट्याची उंची किती असावी, शेगडी, कपाट आणि सिंक यांच्यात किती पावलं पडावीत, हे तिने मोजलं. पायाने उघडणारा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचं श्रेय तिला दिलं जातं. माझ्या मते या क्षेत्रात तिच्याइतका आदर फार थोड्यांच्या वाट्याला यावा. व्यवस्थापन शिकवणाऱ्यांमध्ये जिच्या स्वतःच्या घरात एवढी मुलं वाढत होती अशी ती एकटीच मला आढळली आहे.

पण पावलं वाचली म्हणून वेळ वाचला का? रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार स्त्रीने १९८३ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की अमेरिकन घरांत यंत्रं आली तरी गृहिणीचे कामाचे तास फारसे घटले नाहीत. कपडे धुण्याचं यंत्र आलं आणि कपडे जास्त वेळा बदलले जाऊ लागले. पूर्वी धोबिणीकडे किंवा मोलकरणीकडे जाणारं काम घरातल्या एकटीवर आलं. आपल्याकडे मिक्सर आला आणि रोजच्या जेवणात चटण्यांची, वाटणांची अपेक्षा वाढली, हे कुणालाही आठवेल. म्हणूनच कमी वेळात जास्त कामं उरकण्याचा मंत्र या पुस्तकात शोधू नये. वाचवलेला वेळ कुणाचा, हे आधी ठरलेलं नसेल तर नवं काम येऊन तो घेऊन जातं.

मग घडी बसवायची म्हणजे नेमकं काय करायचं? माझ्या मते पहिलं काम म्हणजे डोक्यावरचं लक्षात ठेवण्याचं ओझं उतरवणं. बाकीचं सगळं त्यानंतर.

१९२७ मध्ये ब्लूमा झायगार्निक या संशोधक स्त्रीचा बर्लिनमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा मध्येच थांबवलेली कामं माणसाला जास्त आठवतात, असं तिला दिसलं. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम प्रत्येक वेळी सारखा आढळला नाही, पण अर्धवट कामं मनात घुटमळतात हा अनुभव कुणाला नवा नाही. मला त्याहून उपयोगी वाटतो तो २०११ मधला ई. जे. मासिकॅम्पो आणि रॉय बॉमाइस्टर यांचा अभ्यास. अपुऱ्या कामांमुळे वाचताना लोकांचं लक्ष विचलित होत होतं. पण ज्यांना ती कामं कधी आणि कशी करायची याचा नेमका बेत आखू दिला, त्यांचं मन मोकळं झालं. काम झालेलं नव्हतंच. त्याची जागा आणि वेळ ठरली, एवढंच मनाला पुरलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर ‘उद्या विजेचं बिल’ म्हणून जाग येते, ती बिलामुळे येत नाही. ते कुठेच उतरवलेलं नाही म्हणून येते.

डेव्हिड ॲलन या अमेरिकन सल्लागाराने २००१ मध्ये जे पुस्तक लिहिलं आणि ज्याच्यावर आज कामांच्या याद्यांची कितीतरी ॲप्स उभी आहेत, त्याचा गाभा हाच. मनात आलेलं प्रत्येक काम आधी एका ठिकाणी लिहून टाका. मग सवडीने एकेक घेऊन त्याचं पुढचं पाऊल ठरवा. दोन मिनिटांत होणारं असेल तर लगेच करा. आठवड्यातून एकदा सगळं पुन्हा पाहा. मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं आहे. दिवसभरात जे जे घडलं ते घडलं त्या क्रमाने कीर्दीत उतरवायचं. तिथे वर्गवारी नाही, विचार नाही. गडबडीच्या वेळी एवढंच जमतं. नंतर निवांत बसून कीर्दीतली एकेक नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्याला लावायची. ज्या कारकुनाने गिऱ्हाईक समोर उभं असताना खतावणी भरायला घेतली असती त्याची दोन्ही कामं बिघडली असती. दिवसाच्या आखणीत लोक नेमकं हेच करतात. काम सुचलं की त्याच क्षणी ते कुठल्या यादीत, कुठल्या रंगात, किती महत्त्वाचं, हे ठरवू पाहतात आणि तेवढ्यात कुकर होतो. कीर्द आणि खतावणी वेगळ्या वेळी लिहायच्या, ही एकच गोष्ट या पुस्तकातून कुणी घेतली तरी ते वाचणं सार्थकी लागेल.

कीर्द कशावर लिहावी याबद्दल मी फार आग्रही नाही. फोनमध्ये स्वतःलाच पाठवलेला मेसेज चालतो, पाठकोरा कागद चालतो. एका गोष्टीबाबत मात्र आग्रह आहे: जागा एकच हवी. चार ॲप्स, दोन डायऱ्या आणि फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या असतील, तर कुठे काय लिहिलंय हे लक्षात ठेवण्याचं नवं काम तयार होतं.

महाराष्ट्रातल्या घरांत अशी एक जागा आहे आणि तिच्याकडे आखणीचं साधन म्हणून कुणी पाहिलेलं नाही. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये कालनिर्णय दिनदर्शिका सुरू केली. तिथी, सणवार आणि पंचांग यांसाठी ती घरोघर पोहोचली, पण स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकल्यावर तिचं रूपच बदललं. माझ्या संग्रहात ओळखीच्या घरांमधून मागून आणलेली जुनी पानं आहेत. त्यातलं एक फेब्रुवारीचं पान माझ्यासमोर आहे. जवळजवळ प्रत्येक चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात ‘१॥’ लिहिलंय, दीड लिटर दूध. तीन ठिकाणी त्याऐवजी ‘खाडा’. नऊ तारखेला बारीक अक्षरात ‘सिलिंडर लावला’. त्याच ओळीत पुढे ‘मावशी नाही’, दोन दिवस लागोपाठ. संकष्टीच्या छापील चंद्रोदयाखाली निळ्या पेनाने रेघ मारलेली आहे. अठराला ‘हप्ता’ आणि त्याला गोल. एका चौकोनात वेगळ्याच, पोरसवदा अक्षरात ‘सहल – ५० रु.’ लिहिलंय. महिन्याच्या शेवटी समासात दुधाची बेरीज, खाडे वजा जाऊन.

या पानाकडे जरा नीट पाहू. त्यावर झालेलं आणि करायचं असं दोन्ही एकत्र आहे, म्हणून पुढच्या महिन्याचा अंदाज आपोआप बांधता येतो: मागचा सिलिंडर किती दिवस गेला ते दोन पानं उलटली की कळतं. लिहायला लागणारं पेन तिथेच दोऱ्याने बांधलेलं असतं. घरातल्या कुणालाही ते वाचता येतं, लिहिता येतं. सहलीचे पन्नास रुपये लेकीने स्वतःच नोंदवले आहेत. जपानमधल्या टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी जी कार्डांची पद्धत बसवली, जिला आज जगभर ‘कानबान’ म्हणून शिकवलं जातं, तिचंही बळ यातच आहे: कामाची अवस्था सगळ्यांना दिसेल अशी मांडायची. एका माणसाच्या डोक्यात ती बंद ठेवायची नाही. ज्या बाईने हे फेब्रुवारीचं पान भरलं तिने व्यवस्थापनाचं पुस्तक वाचलं असण्याची शक्यता कमी आहे. तिला जे करावं लागत होतं त्यातून ही पद्धत तयार झाली, आणि म्हणून ती टिकली.

दुसरं काम अंदाजाचं. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं की आपल्या कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना माणूस जवळपास नेहमीच कमी धरतो. १९९४ मधल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध पुरा व्हायला किती दिवस लागतील, असं विचारलं. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर किती, असंही विचारलं. तेव्हा ४९ च्या आसपास. प्रत्यक्षात लागले ५५. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही तोकडा पडला. याचं कारण असं सांगतात, की अंदाज बांधताना आपण ते काम कसं होईल याचं चित्र रंगवतो. मागच्या वेळी काय झालं होतं ते आठवत नाही. दळण आणायला दहा मिनिटं, असं आपण म्हणतो. गिरणीवर पुढे तीन डबे असतात, वीज गेलेली असते, वाटेत कुणी भेटतं, हे दर वेळी घडूनही हिशेबात येत नाही. त्यामुळे या पुस्तकात ठिकठिकाणी मागच्या नोंदी पाहायला सांगितलं आहे, आणि दिवसाचा जवळपास तिसरा भाग कोराच सोडायला सांगितलं आहे. तो भाग हाकांचा. हाका येणारच आहेत, तर त्यांना अडथळा म्हणत बसण्यापेक्षा त्यांची जागा आधीच धरलेली बरी.

फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून अभ्यास करायला सुरुवात केली. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. ही पद्धत आता फार प्रसिद्ध आहे आणि विद्यार्थ्यांना ती खरंच लाभते. पण मधे कुणी उठवलं तर ती पंचवीस मिनिटं बाद धरून पुन्हा पहिल्यापासून मोजायची, हा तिचा नियम लहान मूल असलेल्या घरात चालणार नाही. तिथे मला मुंबईच्या लोकलचं उदाहरण जास्त खरं वाटतं. संध्याकाळच्या कर्जत-कसारा गाड्यांच्या लेडीज डब्यात पिशवी उघडून मेथी निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या, लसूण सोलून डब्यात भरणाऱ्या बायका दिसतात. ठाणं गेलं की हात चालू होतात आणि आपलं स्टेशन आलं की पिशवी बंद. त्यांनी वेळ ठरवलेली नाही, खूण ठरवली आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेला सिद्धान्त हाच: ‘मी व्यायाम करीन’ असा संकल्प सोडण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवलेलं जास्त तडीस जातं. सकाळी सातला वाचन, हे मोडतं. मुलांची रिक्षा गेली की दाराशीच पुस्तक उघडायचं, हे बऱ्याच घरांत टिकलेलं मी पाहिलं आहे. रिक्षा सातला येवो की सव्वासातला.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात, असं सर्रास सांगितलं जातं. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला निदान तेवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या वाटचालीत लक्षणीय फरक पडला नाही. दुधाच्या हिशेबात खाडा पडतो, दुसऱ्या दिवशी दूध पुन्हा येतं, आणि कुणी गवळी बदलत नाही. आपल्या दिनक्रमाच्या बाबतीत मात्र एका खाड्यावर लोक सगळं सोडून देतात. घडी मोडली, असं म्हणतात. जी घडी एका खाड्याने मोडते तिच्या रचनेतच दोष असतो, माणसात नव्हे, हे मी अगदी कळकळीने सांगते.

तिसऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे ऋतूंबद्दल, मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण बाहेरच्या पुस्तकांत ती सापडत नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. पहाटे उठण्यापासून दंतधावन, अभ्यंग, व्यायाम, स्नान, वागणुकीचे नियम असा सगळा दिवस त्यात येतो. आणि लगेच तिसरा अध्याय आहे ऋतुचर्येचा. हेमंतात भूक चांगली लागते तेव्हा काय खावं, ग्रीष्मात व्यायाम का टाळावा, वर्षा ऋतूत पचन मंदावतं तेव्हा काय टाळावं. दिवस सांगितला आणि ऋतू सांगितला नाही, तर काम अर्धंच राहतं, हे त्या ग्रंथाच्या रचनेतच आहे. आजचं आखणीचं शास्त्र वर्षाचे ५२ आठवडे एकसारखे धरून चालतं. जानेवारीत संकल्प, बारा महिने तोच दिनक्रम.

आपलं वर्ष तसं नाही. जूनमध्ये शाळा सुरू होतात; वह्यांना कव्हरं, नवे रेनकोट, डब्यांच्या नव्या वेळा. गावाकडे मृग लागला की सगळं घर पेरणीच्या मागे असतं आणि तेव्हा कुणी कुणाला दिनक्रम विचारत नाही. श्रावणात उपास आणि सणवार, भाद्रपदात गौरी-गणपती, मग घटस्थापना. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस साफसफाई आणि फराळ यांनी भरलेले. मार्चमध्ये परीक्षा आणि बँकेत, कचेरीत वर्षअखेर एकाच वेळी येतात. एप्रिल-मेमध्ये मसाले, लोणची, पापड-कुरडयांची वाळवणं, लग्नसराई आणि माहेरवाशिणी. ज्या बाईने जानेवारीत रोज तासभर लिहायचं ठरवलं, तिचा तो तास गौरींच्या आठवड्यात जाणारच आहे. तो जाईल हे सहा महिने आधी कालनिर्णयात छापलेलं असतं. म्हणून या पुस्तकात एकच वेळापत्रक नाही. पाच आहेत: जून, सणांचे महिने, हिवाळा, मार्च आणि उन्हाळा. हिवाळ्याचं सगळ्यात भरगच्च आहे, कारण दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंतचा काळ बऱ्याच घरांत त्यातल्या त्यात सलग मिळतो. मोठं काम हाती घ्यायचं तर तेव्हा. सणांच्या महिन्यांत घडी अगदी सैल ठेवली आहे. त्या दिवसांत कीर्द चालू राहिली तरी पुष्कळ.

यादी कुणी सांभाळायची, हा प्रश्न शेवटच्या प्रकरणात आला आहे. माझ्या लेखी तो सगळ्यांत अवघड. ॲलिसन डॅमिंजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. घर चालवण्याच्या मानसिक श्रमांचे तिने चार भाग पाडले: काय लागणार आहे हे आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. निर्णय बहुतेक जोडपी मिळून घेत. पण आधी ओळखणं आणि मागून लक्ष ठेवणं हे दोन भाग मुख्यतः बायकांकडे होते. आपल्या घरांत हे एका वाक्यात ऐकू येतं: “सांगितलं असतंस तर आणलं असतं ना!” हे वाक्य बोलणारा माणूस बहुधा मनापासून मदत करायला तयार असतो. पण साखर संपत आली हे पाहणं, ती कधी संपेल हे ओळखणं, सांगणं, आणली का ते बघणं, हे सगळं काम त्या वाक्यात दुसरीकडेच राहतं आणि आणण्याच्या पाच मिनिटांची वाटणी होते.

त्यामुळे घरातल्या एकीने कितीही उत्तम पद्धत बसवली तरी ती एकीचीच राहिली तर ओझं फक्त जास्त नीटनेटकं होतं. शेवटच्या प्रकरणात कामं वाटण्याऐवजी खाती वाटायला सांगितलं आहे. औषधं हे एक खातं: कुणाची कुठली गोळी, किती उरल्या, चिठ्ठी कधी संपते, डॉक्टरांची पुढची तारीख. ज्याचं खातं त्याने हे सगळं पाहायचं, दुसऱ्याने आठवण करायची नाही. शाळा हे दुसरं, वाणसामान हे तिसरं, बिलं हे चौथं. पहिल्या महिन्यात एखादं बिल चुकेल, एखाद्या दिवशी डाळ नसेल. तेवढं सोसायची तयारी घरातल्या सगळ्यांनी ठेवायला हवी, विशेषतः ज्या बाईने वर्षानुवर्षं काहीच चुकू दिलेलं नाही तिने. दहा वर्षांच्या मुलालाही एक लहानसं खातं देता येतं. पाण्याच्या बाटल्या आणि कुंड्या हे वयाला शोभणारं आहे.

पहिलं प्रकरण वाचण्याआधी सात दिवसांची एक नोंद लागेल. ओट्याजवळ किंवा टेबलावर एक कागद ठेवावा आणि हातातलं काम सोडून उठावं लागलं की वेळ, कुणाची हाक आणि कशासाठी, एवढंच लिहावं. वर्गवारी करू नये, बेरीज करू नये, कुणाला दाखवून वाद घालू नये. नोकरीच्या जागीही असाच कागद ठेवता येईल. सोमवारची वाट पाहायची गरज नाही. ज्या वारी हे पान वाचून होईल त्या वारापासून सात दिवस धरावेत. पहिल्या प्रकरणातला प्रत्येक तक्ता त्या कागदावरून भरायचा आहे.